चढ सिंहगडाएवढाच, पण चढायचा कितव्या दिवशी?

पत्र असं आहे:

"आम्ही पुण्याचे. मी ५८ वर्षांची, हे ६३. दोघंही निवृत्त. सप्टेंबरात गणपती उरकले की लेकीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. यंदा तिच्या डोक्यात पेरू आहे आणि कुस्कोच्या बाजूला पाच दिवस हातात आहेत. चार दिवसांची इंका ट्रेल आम्हाला झेपणार नाही, तंबूत झोपायची हौसही आता राहिलेली नाही. पण डोंगर चढून, आपल्या पायांनी, इंकांचं एक तरी ठिकाण एका दिवसात गाठायचं असं ठरलंय. लेकीने बेत आखलाय तो असा: पहिल्या दिवशी लिमाहून विमानाने कुस्को. दुसऱ्या दिवशी उचुय कोस्को नावाच्या अवशेषांचा ट्रेक, तिथे गर्दी नसते म्हणून. तिसऱ्या दिवशी ट्रेनने माचू पिचू. चौथ्या दिवशी तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर. पाचव्या दिवशी परत न्यू जर्सी, आणि दोन-तीन दिवसांत आम्ही मुंबईच्या विमानात. हे म्हणतात, दर रविवारी सिंहगड चढतो, आपल्याला काय होतंय? त्यांना बीपीची गोळी चालू आहे. माझा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बेत बरोबर आहे का?"

ताई,

लेकीने निवडलेली ठिकाणं चांगली आहेत. क्रम मात्र पार उलटा लागलाय, आणि तिकडच्या डोंगरात क्रम चुकला की बाकी सगळी तयारी फुकट जाते.

आधी यजमानांच्या सिंहगडाबद्दल. आतकरवाडीतून वर जायला साधारण सहाशे मीटरचा चढ आहे. जी एका दिवसाची इंका वाट मी तुम्हाला पुढे सुचवणार आहे, तिचा चढही जवळपास तेवढाच. तेव्हा पाय आणि छाती या हिशेबाने ते म्हणतात त्यात खोट नाही. पण सिंहगडाचा माथा १,३१२ मीटरवर आहे आणि अख्ख्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरवर. कुस्कोचा विमानतळ साधारण ३,३०० मीटरवर आहे आणि शहर ३,४०० च्या घरात. म्हणजे विमानातून पाऊल टाकाल तिथेच तुम्ही दोन कळसूबाया एकावर एक ठेवून वर चढलेल्या असता. तिथल्या एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. सह्याद्रीत आयुष्यभर भटकलेल्या माणसालाही याचा सराव नसतो, कारण सह्याद्रीत तेवढी उंचीच नाही. लेहला थेट विमानाने गेलेलं कुणी ओळखीत असेल तर पहिली रात्र कशी गेली ते विचारा.

यातली गंमत अशी की दणकट माणसं जास्त सापडतात. ज्याला जिना चढून दम लागतो तो आपोआप हळू चालतो. रोज चालणारा गडी पहिल्याच दुपारी कुस्कोच्या चढाच्या गल्ल्या पायाखाली घालतो आणि रात्री डोकं धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंची लागल्याची नेहमीची लक्षणं. एवढं झालं तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, आराम करायचा. बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर मात्र सकाळ व्हायची वाट पाहू नका. ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. हे तिघांनाही माहीत असू द्या, कारण ज्याला होतं तो बहुधा "मला काही झालेलं नाही" असंच म्हणतो. तुमच्या घरात असं कोण म्हणेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता लेकीच्या बेतातला दुसरा दिवस पाहा. उचुय कोस्को हे ठिकाण साधारण ३,६०० मीटरवर, उरुबांबा नदीच्या खोऱ्याच्या वर एका सपाटीवर आहे. परंपरेने ते विराकोचा या इंका राजाशी जोडलं जातं. खाली घडीव दगड आणि वर मातीच्या विटा, अशा भिंतींची तिथली लांबलचक इमारत खरंच बघण्यासारखी आहे, आणि गर्दी नसते हेही खरं. पण कुस्कोच्या पठारावरून तिकडे जाणाऱ्या वाटा चार हजार मीटरच्या वरची खिंड ओलांडतात. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ६३ वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने ती खिंड ओलांडू नये. खोऱ्यातल्या लामाय गावातून थेट वर चढणारीही एक वाट आहे. ती खिंड टाळते, पण पुन्हा लामायलाच उतरायचं म्हणजे वळणावळणांचा सरळसोट उतार, तुमच्या गुडघ्याला नको तोच. (लामाय हे काठीला लावून भाजलेल्या गिनीपिगसाठी प्रसिद्ध गाव आहे. रस्त्याच्या कडेला पाट्या आणि भट्ट्याच दिसतील. पक्क्या शाकाहारी माणसांनी आधीच मनाची तयारी केलेली बरी.)

आणि चौथ्या दिवशीचा रंगीत डोंगर, विनिकुंका? तो पाच हजार मीटरच्या वर आहे. फोटो सुंदर येतात, मान्य. मी तो बेतातून सरळ काटते.

तुम्हाला एक दिवस चालायचं आहे ना, मग माचू पिचूलाच चालत जा. चार दिवसांच्या इंका ट्रेलचा शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत देखणा, तुकडा एका दिवसात करता येतो. लोक त्याला छोटी इंका ट्रेल किंवा ‘किलोमीटर १०४’ ची वाट म्हणतात. कुस्कोहून मोजलेल्या रेल्वेमार्गाच्या त्या अंतरावर गाडीतून उतरायचं असतं, म्हणून हे नाव. या वाटेचं मोठं सुख म्हणजे ती कुस्कोपेक्षा खूप खाली आहे. सुरुवात साधारण २,१०० मीटरवर, सर्वांत उंच जागा इन्ती पुन्कू, म्हणजे सूर्यद्वार, सुमारे २,७०० मीटरवर, आणि माचू पिचू २,४३० मीटरवर. माचू पिचू म्हटलं की लोकांना वाटतं हिमालयासारखं काहीतरी गगनाला भिडलेलं असेल. ते कुस्कोपासून जवळजवळ हजार मीटर खाली आहे.

तर क्रम असा लावा. पहिल्या दिवशी कुस्कोला उतरलात की शहरात थांबूच नका. विमानतळावरूनच गाडी करून दीड-दोन तासांत ओयान्तायताम्बोला या. ते २,८०० मीटरवर आहे. म्हणजे पहिली रात्र सहाशे मीटर खाली. गाव स्वतःच पाहण्यासारखं आहे. इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्या, कडेने खळाळणारे पाण्याचे पाट, आणि त्याच पायांवर उभ्या घरांत आजही माणसं राहतात. त्या दिवशी एवढंच: गल्ल्यांतून रमतगमत हिंडणं, भरपूर पाणी, हलकं जेवण, लवकर झोप. दारूचा घोट यजमानांनी पाचव्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकावा. झोपेची गोळीही या रात्री नको.

दुसऱ्या दिवशी सराव म्हणून पुमामार्का. ओयान्तायताम्बोहून पाताकांचा ओढ्याच्या काठाने, जुन्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांमधून, साधारण ३,४०० मीटरवरच्या एका इंका ठाण्यापर्यंत वाट जाते. परमिट नाही, गर्दी नाही. नागमोडी तटाची भिंत आणि खाली दोन ओढ्यांचा संगम. लेकीला उचुय कोस्कोत जे हवं होतं, ती शांतता, ते सगळं इथे अर्ध्या दिवसात मिळतं. वर गेल्यावर दम लागतोय, डोकं जड झालंय असं वाटलं तर तिथून मागे फिरा. काही अडून राहत नाही. दिवसा थोडं वर जायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं, ही शरीराला उंचीची सवय लावायची जुनी रीत आहे. जमणार नसेल तर गाडी करून वर जा आणि फक्त उतार चाला, पण मग गुडघ्याचा विचार करा.

संध्याकाळी अंगात त्राण असेल तर ओयान्तायताम्बोच्या किल्लेवजा टेकडीवर जा. वर सूर्यमंदिरातले सहा गुलाबी दगड उभे आहेत, माणसाच्या दुपटीहून उंच. त्यांची खाण खोऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात, मधे नदी. चाक नाही, लोखंड नाही, ओढायला बैल-घोडा नाही. समोरच्या उतरणीवरचा तो धोंड्यांचा पट्टा दिसतो तिथून हे इथवर आणले. काही दगड वाटेतच राहिले. त्यांना तिथले लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. आपल्याकडच्या गडप्रेमींना इथे आणखी एका गोष्टीसाठी थांबावंसं वाटेल: मान्को इंका या राजाने स्पॅनिशांच्या फौजेला याच पायऱ्यांवरून मागे रेटलं होतं. नदीचं पाणी खालच्या मैदानात सोडलं आणि घोडदळ चिखलात अडकवलं.

तिसरा दिवस तुमच्या खऱ्या चालीचा. भल्या पहाटे ओयान्तायताम्बोहून आगगाडी. आदल्या दिवशी मोठ्या बॅगा हॉटेलात ठेवून द्या, गाडीत लहान बॅगच नेता येते. किलोमीटर १०४ ला गाडी अगदी क्षणभर थांबते. स्टेशन असं काही नाही. गाइड आधीच उठवून दाराशी उभं करतो. खाली उतरायचं आणि गाडी पुढे निघूनही जाते. समोर उरुबांबा, तिच्यावर झुलता पूल, पलीकडे चौकी. इथे मूळ पासपोर्ट दाखवायचा, झेरॉक्स चालत नाही. परमिटवरचं नाव आणि नंबर पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घुसलेलं असतं, कुणाचं माहेरचं आडनाव राहिलेलं असतं. फॉर्म भरताना "चालतं तेवढं" म्हणू नका. बुकिंगनंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर एजन्सीला लगेच कळवा आणि जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

नदी ओलांडली की चाचाबांबाचे अवशेष लागतात. झाडीत दडलेलं छोटं ठिकाण, दगडी न्हाण्या आणि मधे एक मोठा कातीव खडक. इथून पुढचे तीन-एक तास या दिवसातले सर्वांत कष्टाचे. चढ भयंकर नाही, सलग आहे. डोंगराच्या उघड्या अंगावरून वाट जाते, सावली जवळपास नाही, आणि सकाळी आठनंतर ऊन पाठीवर बसतं. उंचीवरचं ऊन हवा गार असल्यामुळे लागत नाही. संध्याकाळी मानेची सालटी निघाली की कळतं. मोठ्या काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सनस्क्रीन. माणशी दोन लिटर पाणी, पण फेकून द्यायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत नाही, घरच्या भरायच्या बाटलीत. बारीक चावऱ्या माश्या खालच्या भागात फार त्रास देतात, म्हणून अर्धी चड्डी नकोच.

आणि मग एका वळणावर समोरचा डोंगर अचानक पायऱ्यांचा होतो. विन्याय वायना. इथे मला घाई केलेली आवडत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. डोंगराची कूस जशी आत वळते तशाच शेताच्या पायऱ्या आत वळवलेल्या आहेत, सरळ रेषेत एकही नाही. वरच्या टोकाला घरांचा एक पुंजका, खालच्या टोकाला दुसरा, आणि दोघांना जोडणारा लांब जिना. जिन्याच्या कडेने न्हाण्यांची रांग उतरते: वरच्या न्हाणीतलं पाणी दगडात कोरलेल्या पन्हळीतून खालच्या न्हाणीत, तिथून आणखी खालच्या. पन्हळीचं तोंड जवळून पाहा. पाणी भिंतीला चिकटून ओघळू नये, धार सुटून पडावी, एवढ्यासाठी ते पुढे काढलेलं आहे. या पायऱ्यांच्या पोटातही काम आहे. इंकांच्या पायरीशेतात वर सुपीक माती, तिच्याखाली वाळू-खडी आणि तळाला मोठे दगड असतात. पाऊस मुरतो, निचरा होतो, डोंगर ढासळत नाही. एवढ्या पावसाच्या मुलखात पाचेकशे वर्षं हे जागेवर आहे ते उगीच नाही. माचू पिचूत तुमच्या फोटोत अनोळखी माणसं असणार. इथे दुपारच्या सुमाराला बहुतेक तुमचीच टोळी असते. मला विचाराल तर दोन्हींत हेच सरस.

डबा इथेच खा. जवळ चार दिवसांवाल्यांचा शेवटचा तळ आहे, तिथे शौचालय आहे. ते उरकूनच पुढे निघा, कारण माचू पिचूच्या आत शौचालय नाही, थेट बाहेरच्या दाराशी आहे.

पुढची वाट सावलीतली. ढगांतलं जंगल म्हणतात तसं, शेवाळलेली झाडं, ऑर्किड, फरसबंद पाऊलवाट, हलके चढउतार. पाऊस इथे कोरड्या दिवसांतही शिंतडतो, म्हणून पोंचो सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा. इन्ती पुन्कूच्या जरा अलीकडे पन्नासेक पायऱ्यांचा एक टप्पा येतो, इतका उभा की हात टेकून चढावं लागतं. गडांवरच्या कातळकोरीव पायऱ्या चढलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. वर इन्ती पुन्कूच्या दगडी चौकटीतून पहिल्यांदा खालचं शहर दिसतं. तिथून शहरापर्यंत पाऊण-एक तासाचा रुंद, फरसबंद उतार. सगळं मिळून अकरा-बारा किलोमीटर आणि थांबत-थांबत सहा-सात तास.

एक सांगून ठेवते. आपली नजर अशा ठिकाणी गेली की बुरूज, चोरदरवाजा, टाकी शोधायला लागते. माचू पिचू हा गड नव्हता. पाचाकुती या राजाची ती खासगी राजवस्ती, पंधराव्या शतकातली. १९११ मध्ये हायरम बिंगहॅम हा अमेरिकन प्राध्यापक तिथे पोचला आणि जगभर नाव झालं. आसपासच्या शेतकऱ्यांना जागा आधीपासून ठाऊक होती, काही जण तिथेच शेती करत होते.

चालून पोचलेल्या दिवशी शहर नीट पाहायचा हट्ट धरू नका. दुपार कललेली असते, पाय बोलत असतात. वरच्या बाजूने नजर भरून पाहा, फोटो काढा आणि बसने खाली आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावी मुक्कामाला जा. बसच्या रांगा मोठ्या असतात, शेवटच्या बसची वाट पाहू नका. चौथ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन पुन्हा वर या आणि गाइडबरोबर आतली फेरी करा. त्यासाठी वेगळं तिकीट लागतं, वेळ ठरलेली असते आणि तिकीट ठराविक मार्गाचंच असतं. दुसऱ्या सर्किटचं घ्या. वरचा देखावा आणि आतली वस्ती दोन्ही त्यात येतात. लेकीला एजन्सीला स्पष्ट विचारायला सांगा: ट्रेलच्या परमिटमध्ये काय येतं आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट दिलंय की नाही. इथे फसगत फार होते.

दुपारच्या गाडीने परत, आणि मुक्काम थेट कुस्कोत. एव्हाना शरीर सरावलेलं असेल. पाचव्या दिवशी विमान दुपारचं मिळालं तर सकाळी कोरिकांचा पाहून घ्या. इंकांच्या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाची पडझड झाली आणि आतल्या इंका भिंती उघड्या पडल्या. त्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

आता गुडघा. या वाटेवर मधेच सोडून उतरायची सोय नाही. पहिल्या तासाभरात चाचाबांबाच्या बाजूला मागे फिरता येतं, त्यानंतर पुढे जाणं हाच रस्ता. तेव्हा निर्णय पुण्यातच घ्यायचा. एका शनिवारी आणि लगेच रविवारी, दोन्ही दिवस सिंहगड पायी चढा आणि पायीच उतरा, पाठीवर पाच किलो घेऊन. वरून जीपने खाली यायचं नाही. सोमवारी सकाळी घरचा जिना उतरताना गुडघा सुजलेला नसेल तर खुशाल जा. सुजला, तर यजमान आणि लेक चालू देत. तुम्ही त्याच गाडीत बसून सरळ आग्वास कालिएन्तेसला जा, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा आणि दुसऱ्या दिवशी बसने वर. त्यात कमीपणा काही नाही, शहराची फेरी तीन तासांची आहे आणि तीही पायऱ्यांचीच. काठ्या दोन न्या. टोकाला रबरी बूच हवं, उघडं लोखंडी टोक तिथे चालत नाही.

हा फैसला लवकर करा, कारण रोजची परमिटं मोजकी असतात, परवानाधारक एजन्सीमार्फतच मिळतात, गाइडशिवाय या वाटेवर सोडत नाहीत, आणि एकदा निघालेलं परमिट दुसऱ्याच्या नावे होत नाही की तारीख बदलत नाही. कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. तुम्ही त्याच्या शेपटाला जाताय, तरी तीन महिने आधी पैसे भरलेले बरे. खर्च माणशी काहीशे डॉलर येतो. महाग वाटेल, पण त्यात गाइड, परमिट, डबा आणि बहुतेक वेळा गाडीचं तिकीटही असतं.

बीपीची गोळी चुकवायची नाही, हे यजमानांना सांगायची गरज नसावी. उंची लागू नये म्हणून घेतात त्या डायमॉक्सचं नाव हिमालयात जाणाऱ्यांकडून ऐकलं असेल. १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून, असा साधारण डोस असतो, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा बीपीच्या औषधात लघवी वाढवणारं काही असेल तर प्रश्न येतो. गोळ्यांची पाकिटं घेऊन फिजिशियनकडे जा आणि त्यांनाच ठरवू द्या. हॉटेलात शिरताच हातात कोकाच्या पानांचा चहा देतील. पेरूत तो कायदेशीर आहे, घरोघरी पितात, प्या. फक्त एकही पान किंवा पुडी बॅगेतून बाहेर आणू नका. अमेरिकेत आणि भारतात दोन्हीकडे गुन्हा आहे. आणि लेकीच्या नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर तिने तो चहाही टाळावा, चाचणीत कोकेन दिसतं.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. बटाट्याचा तो मूळ मुलूख, मका टपोऱ्या दाण्यांचा, चीजबरोबर उकडून रस्त्यावर मिळतो. आवोकाडो, किन्वा, फळं भरपूर. धोका सूपमध्ये असतो: दिसायला भाज्यांचं, रस्सा कोंबडीचा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर मासे किंवा चिकन चालतं असं समजणारे भेटतात. म्हणून तिन्ही नावं घ्या: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो", मटण नको, चिकन नको, मासे नको, आणि चौथं "सिन उएव्हो", अंडं नको. चिनी वळणाची ‘चिफा’ हॉटेलं गावोगाव आहेत, तिथे भाज्यांचा चाउफा भात सांगा, अंडं काढायला लावून. ट्रेलच्या डब्यासाठी एजन्सीला लेखी कळवा. तरी सॅकमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की असू द्या. विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर करायच्या असतात. सीलबंद, भाजलेलं-तळलेलं न्या, ताजी फळं आणि बिया नकोत. बियांत घरच्या मेथ्याही आल्या.

कागदपत्रांत एक गोष्ट तुमच्या पत्रावरून मला खटकली. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहेच. तो निदान सहा महिने वैध असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही; जायच्या आधी वकिलातीच्या पानावर एकदा पडताळून घ्या. खरी अडचण परतीची आहे. पेरू हा पीतज्वराचा धोका असलेला देश म्हणून भारताच्या यादीत आहे. कुस्को आणि माचू पिचूच्या उंचीवर तो आजार नसतो, पण मुंबई विमानतळावर तुम्ही पेरूत नेमके कुठे होतात ते विचारत नाहीत. पेरू सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लशीचं पिवळं कार्ड मागतात, आणि ते नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावर घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर दोनदा विचार करतात, कारण त्या वयात गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा जास्त असतो. तुमचे यजमान ६३ चे. तुमच्या आत्ताच्या बेतात पेरूहून परतल्यावर दोन-तीन दिवसांत मुंबईचं विमान आहे. ते मागेपुढे करा: न्यू जर्सीला उतरलात की जेट लॅग जाईपर्यंत चार दिवस विश्रांती, मग पेरू, आणि लेकीकडचा दहा-पंधरा दिवसांचा मुक्काम त्यानंतर. सहा दिवसांची अट तिच्या घरीच संपून जाईल आणि केवळ कार्डासाठी यजमानांना लस टोचून घ्यावी लागणार नाही. विमानाची तिकिटं काढलेली नसतील तर आज रात्रीच लेकीला फोन करा.